दिवा बघायचाय की गाणं ऐकायचंय?

टेबलावर नारिंगी उजेड टाकणारा ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प, खिशात वीस हजार रुपये आणि घरात एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक. अशा परिस्थितीत खरेदी कशी करायची?

चार महिने थकलेलं एक पेमेंट अखेर खात्यात आलं. फ्रीलान्सरला या वाक्याइतकं गोड दुसरं वाक्य नाही. भाडं, सिलिंडर, बाबांच्या औषधांचे पैसे बाजूला काढले आणि उरले बरोब्बर वीस हजार. म्हटलं, हे आपले. यातनं आता स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं.

माझं डोकं कुठे अडकलं होतं ते सांगते. रात्रीची खोली, लाकडी टेबल, बाजूला कॉफीचा मग आणि त्या टेबलावर काचेच्या नळीत जळणारा छोटासा नारिंगी तुकडा. ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प! असला फोटो पाहिला की मला वाटायचं, हे घरी आलं की आपलं आयुष्यही जरा सॉफ्ट फोकसमध्ये जाईल. आणि माझ्याकडे तर सबळ कारणही होतं. मुलाखती टाइप करण्याच्या नादात दिवसातले पाच-सहा तास माझे कान हेडफोनमध्येच असतात. म्हणजे हा खर्च नव्हेच, गुंतवणूक! (आपण सगळेच असले हिशेब करतो की नाही?)

ऑर्डर करण्याआधी सहज साताऱ्याला फोन लावला. आमच्या बाबांचं राजपथाच्या बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेत असल्यापासून त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ उघडलेत. आपण ज्याला आज स्टायलिशपणे ट्यूब म्हणतो, त्याला त्यांची पिढी व्हॉल्व्ह म्हणायची.

"व्हॉल्व्ह?" बाबा पलीकडून ओरडलेच. "अगं, आम्ही सुटलो एकदाचे त्यातून आणि तू पैसे देऊन परत आणतेस?"

मी त्यांना फोटो पाठवला. पाच मिनिटांनी उलट फोन. "मला एक सांग, तुला दिवा बघायचाय की गाणं ऐकायचंय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला पुढचे दोन महिने लागले.

नळीत जळतं तरी काय?

फंडा सोपा आहे. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तार तापते, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गाण्याचा बारीकसा सिग्नल त्या जाळीवर दिला की ती नळासारखी काम करते, धावणारे इलेक्ट्रॉन कमी-जास्त सोडते. छोट्या सिग्नलने मोठा प्रवाह हलवायचा, बस्स. जाळीची ही कल्पना ली डी फॉरेस्ट यांची, १९०६ सालची. पुढची चाळीसेक वर्षं रेडिओपासून पहिल्यावहिल्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं या नळ्यांवर चाललं. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि नळ्यांचे दिवस भरत आले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. बाबांच्या ट्रंकेत त्यातले काही अजून पडून आहेत.

मग आज, ट्रान्झिस्टर स्वस्त, थंड आणि जास्त अचूक असताना, ट्यूबचं एवढं कौतुक का? कारण ट्यूब चुकते, पण गोड चुकते. अ‍ॅम्पने सिग्नल जसाच्या तसा मोठा करावा ही अपेक्षा. ट्यूब त्यात स्वतःची थोडी भर घालते. तिच्या साध्या सर्किटमध्ये ही भर मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर मध्य सप्तकातला सा लावला की त्यात तार सप्तकातला सा हलकेच मिसळतो. तानपुऱ्याच्या तारेत असे वरचे सूर मुळातच भरलेले असतात, म्हणून ही मिसळ कानाला खटकत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. लोक ज्याला वॉर्म साउंड म्हणतात तो बराचसा हाच.

थोडक्यात, ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे आवाजाची सुधारणा नव्हे. तो चवीचा भाग आहे, वरून घेतलेल्या तुपासारखा. हे मनात स्पष्ट असेल तर पुढे वाचा.

आधी डोक्यावर काय आहे ते बघा

दुकानात शिरल्यावर आपण अ‍ॅम्प बघतो. खरं तर बघायला हवा आपलाच हेडफोन.

पहिली चाळणी. तुमचा हेडफोन ब्लूटूथचा असेल तर इथेच थांबा. वायरलेस हेडफोनचा अ‍ॅम्प त्याच्या पोटातच बसवलेला असतो, तुमचा ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या काही कामाचा नाही.

दुसरी चाळणी इम्पीडन्सची, म्हणजे ओहमची. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. माझा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स आहे ३८ ओहमचा. सेनहायझरचे प्रसिद्ध एचडी ६०० आणि एचडी ६५० आहेत ३०० ओहमचे. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० अशा तीन अवतारांत मिळत आलाय, त्यामुळे खोकं नीट वाचा. ३२ ओहमवाल्याला करंट जास्त लागतो, ३०० ओहमवाल्याला व्होल्टेज. दोघांची भूक वेगळी, त्यामुळे वाढणारा हातही वेगळा हवा.

अ‍ॅम्पलाही स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स असतो. इथे एक सोपा नियम कामाला येतो. हेडफोनच्या ओहमला आठने भागा, अ‍ॅम्पचा आकडा त्याहून कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला म्हणजे ४ ओहमपेक्षा कमी. कंपनी हा आकडा छापतच नसेल तर ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

तीन जाती, तीन स्वभाव

हायब्रिड : यात ट्यूब सिग्नलचं व्होल्टेज वाढवते आणि हेडफोन ढकलण्याचं कष्टाचं काम ट्रान्झिस्टर करतात. आउटपुट इम्पीडन्स कमी, त्यामुळे बहुतेक सगळ्या हेडफोनशी जमतं. आकार लहान, किंमत कमी. अमेरिकेच्या शिट कंपनीचा (हो, उच्चार तोच आणि कंपनीला त्याची गंमतच वाटते) एका ट्यूबचा व्हाली ३ हा २०२३ मध्ये १४९ डॉलरला आला. चीनच्या एक्सडुओचा एमटी-६०२ त्याच पंक्तीतला. वीस हजारांत नवा, वॉरंटीसह येऊ शकतो तो हाच प्रकार.

ओटीएल : यात आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसतो, ट्यूबच थेट हेडफोन चालवते. खरी ट्यूबची मजा यात, पण आउटपुट इम्पीडन्स बऱ्याचदा शंभर ओहमच्या आसपास. आठने भागायचा नियम लावला तर ३०० ओहमवालाही यात काटेकोर बसत नाही. त्याचा बास किंचित फुगतो आणि गंमत म्हणजे अनेकांना नेमकं तेच आवडतं. ३२ ओहमवाल्याची मात्र पार दमछाक होते. डार्कव्हॉइस ३३६एसई, लिटल डॉट एमके टू ही यातली गाजलेली नावं. बॉटलहेड क्रॅक हा सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा संच. कस्टम आणि कुरिअर धरलं तर यातलं बरंच काही माझ्या बजेटबाहेर जात होतं.

ट्रान्सफॉर्मरवाले : ट्यूबही खरी आणि कमी ओहमचा हेडफोनही चालतो. पण चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. वीस हजारांत यांच्याकडे फक्त आदराने बघायचं.

दिव्याखाली एलईडी

पाच-सहा हजारांतले अ‍ॅम्प पाहून मी हरखले होते. दोन ट्यूब, झगमगता नारिंगी प्रकाश. बाबा सुटीला पुण्यात आले होते, त्यांना एकाचा क्लोजअप दाखवला. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "हा उजेड खालून येतोय. ट्यूबची तार मध्ये असते, तिची झाक मंद असते. याने बुडाशी एलईडी लावलाय."

खरंच की! एकदा कळल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. काहींमध्ये तर निळा उजेड. तापलेली तार निळी कधी दिसते का? एलईडी असणं हा काही गुन्हा नाही. पण ज्याने सजावटीवर खर्च केला, त्याने पॉवर सप्लायवर किती केला हा प्रश्न विचारायला हवा. शिवाय स्वस्त अ‍ॅम्पमध्ये ट्यूबला अगदी बारा-चोवीस व्होल्टवर चालवलेलं असतं. तिच्या स्वभावाला हे फारच कमी. अशा ठिकाणी ती चव देते, नाही असं नाही. पण कधी कधी ती चवीपेक्षा गोंगाटच जास्त देते.

डोळे मिटा, मग बोला

कर्वेनगरला माझा एक मित्र राहतो. बँकेत नोकरी, पगारातला नको तेवढा भाग हेडफोनवर. त्याच्याकडे तीन अ‍ॅम्प होते : एक साधा ट्रान्झिस्टरवाला, एक हायब्रिड आणि एक ओटीएल. एका रविवारी आम्ही तिघं तिथे धडकलो. मी, बाबा आणि बाबांचा मल्टिमीटर.

बाबांची अट एकच. आवाजाची पातळी आधी सारखी करायची. "जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो. गिऱ्हाईकाला रेडिओ परत देताना आम्हीही आवाज जरा वाढवूनच द्यायचो," असं सांगून ते मिश्कील हसले. एका सुराचा टोन लावून त्यांनी प्रत्येक अ‍ॅम्पच्या जॅकवर व्होल्टेज मोजलं आणि तिन्ही सारखे केले. मग मी डोळ्यांवर ओढणी बांधून बसले. मित्र वायर बदलणार, मी ओळखणार. प्रत्येक जोडीला दहा फेऱ्या.

पहिला सामना : माझा ३८ ओहमचा हेडफोन, ट्रान्झिस्टर विरुद्ध हायब्रिड. दहापैकी सहा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच मिळाले असते. आणि तीन आठवडे मी ज्याच्या वॉर्मपणावर मैत्रिणींना लेक्चर देत होते तो हाच हायब्रिड बरं का.

दुसरा : तोच हेडफोन ओटीएलवर. हे ओळखायला ओढणीचीही गरज नव्हती. आवाज जरा वाढवला की बास फाटायला लागायचा. सगळ्यांत महागडा अ‍ॅम्प, सगळ्यांत वाईट निकाल!

तिसरा : मित्राचा ३०० ओहमचा हेडफोन, ट्रान्झिस्टर विरुद्ध ओटीएल. दहापैकी नऊ बरोबर. खालचे सूर गोलाई घेऊन येत होते, तबल्याचा डग्गा जवळ सरकल्यासारखा. अचूक कोण असं विचाराल तर ट्रान्झिस्टरच. मला आवडला कोण? ओटीएल.

दुपारचं जेवण होईपर्यंत एवढं पक्कं झालं होतं. ट्यूबचा फरक ही अफवा नाही, पण तो ट्यूबपेक्षा जोडीवर अवलंबून आहे. चुकीच्या हेडफोनवर लावलेला उत्तम अ‍ॅम्प म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला बिघाड.

बाबांचं बोट

आता जरा सिरियस. बाबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर एक पांढुरका डाग आहे. लहानपणी मला वाटायचं, सोल्डरिंगचा चटका. तो चटका नव्हताच. त्या रविवारी ओटीएल उलटा करून बघताना त्यांनी सांगितलं. ऐन विशीत एक रेडिओ बंद करून, प्लग काढून त्यांनी आत बोट घातलं होतं. वीज बंद होती, पण कपॅसिटरमध्ये साठलेली होती. "हात आपोआप मागे फेकला गेला म्हणून वाचलो," ते म्हणाले आणि पुढचं बोलणं टाळून चहा प्यायले.

ओटीएलसारख्या खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये सहज दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी खेळत असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते लगेच जात नाहीत. त्यामुळे झाकण उघडायचं काम ज्याला येतं त्यानेच करावं. स्वतः जोडायचा संच पहिल्याच प्रयोगाला घेऊ नका, शेजारी जाणकार असेल तरच हात घाला.

दुसरी भानगड व्होल्टेजची. याच मित्राने एकदा अमेरिकेहून परतलेल्या कुणाकडून सेकंडहँड अ‍ॅम्प घेतला. मागे बारीक अक्षरात ११० लिहिलेलं. आपल्या भिंतीत २३०. प्लग लावला, जळक्या वार्निशचा वास आला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. स्वस्तात मिळालेला माल तीस सेकंदांत भंगार झाला.

तिसरी गोष्ट आपल्या भाड्याच्या घरांची. माझ्या लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावला की मुंग्या यायच्या आणि हेडफोनमध्ये अखंड गुणगुण. मला वाटायचं केबल खराब. बाबांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटला अर्थिंगच नव्हतं! तिसरं भोक फक्त शोभेला. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग जोडल्यावर मुंग्याही गेल्या आणि गुणगुणही. साउंड क्वालिटीसाठी मी केलेला सगळ्यांत उपयोगी खर्च हाच, नऊशे रुपये. तुमच्याकडे गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा. आवाज थांबला तर अ‍ॅम्प बदलण्याआधी वायरिंग तपासा.

वीस हजारांचा हिशेब

अखेर मी काय घेतलं? हायब्रिड. हो, तोच प्रकार जो मला दहात सहाच वेळा ओळखता आला होता.

कारण सांगते. दिवसभर त्याच लॅपटॉपवर दुसऱ्यांचे आवाज मागे-पुढे करत टाइप करते. संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर गाणं लावलं की बोटं आपोआप मेल उघडतात. आता मी लॅपटॉप मिटते, फोनला एक साधा यूएसबी-सी डोंगल लावते आणि अ‍ॅम्पचं बटण दाबते. ट्यूब तापायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात करण्यासारखं काही नसतं. माझ्या दिवसातला तेवढाच वेळ असा आहे, ज्यात कुणालाच माझ्याकडून काही नको असतं.

मला आला तो खर्च असा : अ‍ॅम्प बारा हजार पाचशे, एक जादा ट्यूब चौदाशे, डोंगल अकराशे, अर्थिंग नऊशे, तापकीर गल्लीतून दणकट एक्स्टेन्शन बोर्ड सहाशे. एकूण सोळा हजार पाचशे. उरलेले साडेतीन हजार परत बचतीत. ट्यूब काही हजार तास चालते, रोजचे दोन तास धरले तर वर्षानुवर्षं. त्यामुळे जादा ट्यूबचा ढीग करू नका. ट्यूब बदलून बदलून चव बघायचा छंद जडला तर बजेट वगैरे सगळं विसरा. आणि नऊ पिनांच्या सगळ्या ट्यूब सारख्या नसतात. १२एयू७ आणि ईसीसी८२ ही एकाच ट्यूबची दोन नावं, पण ६डीजे८ त्याच सॉकेटमध्ये बसत असली तरी तिच्या पिनांची जोडणी वेगळी. मॅन्युअलमध्ये लिहिली असेल तीच घाला.

अ‍ॅम्प आला त्या शनिवारी बाबांनी आधी पेन्सिलने ट्यूबला हलकी टिचकी मारली. हेडफोनमध्ये बारीक टिंग झालं, लगेच विरलं. "ठीक आहे. टिंग लांबली असती तर बदलून घ्यायला सांगितलं असतं." मग पंडित भीमसेन जोशींचं एक रेकॉर्डिंग लावून दिलं. बाबांनी पहिल्यांदा नॉब उलटा फिरवला. "किती मोठ्याने ऐकतेस गं?" त्यांचं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला चाळीस तास, तेही ८० डेसिबलला. माझे तीस तास कामातच जातात. अ‍ॅम्प आला की आवाज वाढवणं फार सोपं होतं आणि गेलेले कान बदलून मिळत नाहीत.

वीस मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला. तळहाताच्या मागच्या बाजूने ट्यूबची ऊब पाहिली, दुकानात पाहायचे तशी. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मला दिवा बघायचा होता."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "फक्त गाण्याच्या नावाखाली घेऊ नकोस." आणि परत हेडफोन चढवला.

खरेदीला निघण्याआधी

* हेडफोन वायरचा आहे ना? त्याचे ओहम किती?
* ३२ ते ८० ओहम असेल तर हायब्रिड किंवा साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. २५० आणि पुढे असेल तरच ओटीएलचा विचार.
* हेडफोनच साधा असेल तर अ‍ॅम्प राहू द्या, आधी हेडफोन बदला. फरक तिथे जास्त कळतो.
* मागच्या बाजूला २२० किंवा २३० व्होल्ट लिहिलंय ना? ११० असेल तर प्लग लावू नका.
* आवाजाची पातळी सारखी करून, डोळे मिटून ऐका. शक्य असेल तर स्वतःच्याच हेडफोनवर.
* अ‍ॅम्पच्या वर आणि बाजूला हवा खेळती ठेवा. पुस्तकांच्या कप्प्यात कोंबू नका. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ट्यूबभोवती जाळी असलेलं मॉडेल बघा.
* बाहेरून मागवत असाल तर कस्टम आणि कुरिअर धरूनच किंमत काढा. वॉरंटी भारतात मिळणार का, हेही विचारा.